खिशात मावणारा आणि डोळ्याला लावता येणारा डिजिटल कॅमेरा कसा शोधायचा

नागपुरात मार्च संपत आला की सकाळी नऊनंतर कॅमेऱ्याची स्क्रीन जवळपास निरुपयोगी होते. ब्राइटनेस कितीही वाढवा, तिच्यात आपलाच चेहरा आणि मागचं आभाळ दिसतं. मला फोटो काढायचे असतात ते नेमके याच उन्हात. महालातल्या जुन्या वाड्यांचे कोरीव लाकडी खांब, दारांच्या कड्या, इतवारीतल्या दुकानांच्या रंग उडालेल्या पाट्या, असं माझं वेड आहे. वर पन्नाशी ओलांडलेली, त्यामुळे जवळचं बघायला चष्मा लागतो. स्क्रीन बघायची तर चष्मा चढवायचा, वाडा बघायचा तर काढायचा, एवढ्यात दारातली आजी आत निघून गेलेली असते.

म्हणून मी डोळ्याला लावून बघता येईल असा, पर्समध्ये मावणारा डिजिटल कॅमेरा शोधला. आता ओळखीपाळखीतल्या लोकांनाही शोधून देते. या शोधात एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा: आधी व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, बघायचा, मेगापिक्सेल, झूम आणि ब्रँड त्यानंतर. ज्या खिडकीतून तुम्हाला रोज बघायचं आहे तीच धूसर, वाकडी किंवा डोळ्याला त्रासदायक असेल तर बाकीचं कितीही चांगलं असलं तरी तो कॅमेरा महिनाभरात कपाटात जातो.

काय शोधायचं आहे

व्ह्यूफाइंडर दोन प्रकारचे मिळतात. इलेक्ट्रॉनिकमध्ये डोळ्याजवळ एक बारीक स्क्रीन असते, कॅमेरा बंद असताना त्यातून काही दिसत नाही. ऑप्टिकल म्हणजे साध्या काचांची आरपार खिडकी. कॅमेरा बंद असला, सेल काढून ठेवले असले तरी तिच्यातून पलीकडचं दिसतं. दुकानात ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण हीच. छोट्या कॅमेऱ्यात ही खिडकी लेन्सच्या वर किंवा बाजूला वेगळी असते, आणि तिच्या आतल्या काचा मुख्य लेन्सच्या झूमसोबत गिअरने पुढेमागे सरकतात. म्हणजे झूम केलं की खिडकीतलं दृश्यही जवळ येतं. बॅटरी खात नाही, उन्हात फिकी पडत नाही, आणि समोर जे घडतं ते त्याच क्षणी दिसतं.

जवळचा चष्मा असलेल्यांसाठी तर ही फार मोठी सोय आहे. या खिडकीतलं चित्र डोळ्याला लांबचं म्हणूनच दिसतं. ज्यांना फक्त वाचायला चष्मा लागतो त्यांना तो काढून सगळं स्वच्छ दिसतं. लांबचा नंबर असेल तर मात्र चष्मा घालूनच बघावं लागेल, किंवा नंबर जुळवायचं छोटं चाक, म्हणजे डायॉप्टर, असलेला कॅमेरा घ्यावा लागेल.

आता उणिवा. या खिडकीत पूर्ण फोटो दिसत नाही, साधारण ८० टक्के दिसतो. फोटोत कडेने थोडं जास्तीचं येतं. माझ्या मते हे सोयीचंच आहे, कडा नंतर कापता येतात. दुसरं म्हणजे, खिडकी लेन्सपासून थोडी बाजूला असल्याने जवळच्या वस्तूंचा नेम चुकतो. हातभर अंतरावरची कडी फोटोत एका बाजूला सरकलेली येते. मीटर-दीड मीटरच्या आतलं काही टिपायचं असेल तर स्क्रीनच वापरा, आणि स्क्रीनवर उन पडू नये म्हणून ओढणीचा आडोसा करा.

कोणते कॅमेरे

नव्या कॅमेऱ्यांत निवड अगदीच थोडी राहिली आहे. फुजीफिल्मचा एक्स हाफ २०२५ मध्ये आला. वजन २४० ग्रॅम, उभी फ्रेम, साधी ऑप्टिकल खिडकी, पण महाग आणि फक्त जेपीईजी, म्हणजे कॅमेऱ्यातच प्रक्रिया झालेले तयार फोटो, काढतो. फुजीच्याच एक्स१०० मालिकेचा व्ह्यूफाइंडर अप्रतिम आहे, ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही. मात्र तो कॅमेरा कोटाच्या खिशात जाईल, शर्टाच्या नाही, आणि नागपुरात कोट घालून कोण फिरतं? रिको जीआर खरोखर खिशात मावतो, पण त्यात व्ह्यूफाइंडरच नाही. वरच्या हॉट शूवर, म्हणजे फ्लॅश लावायच्या खाचेवर, वेगळा व्ह्यूफाइंडर बसवता येतो, आणि तो बसवला की खिशात जायचं सुख संपतं. तेव्हा बहुतेकांना जुन्या कॅमेऱ्यांकडेच वळावं लागतं, आणि तिथे खजिना आहे.

माझी पहिली शिफारस कॅनन पॉवरशॉट ए मालिका. २००७ चा ए५७० आयएस, २००८ चा ए५९० आयएस, सहा पट झूमचा ए७२० आयएस. तिन्हींना ऑप्टिकल खिडकी आहे, हात हलला तर सावरणारी यंत्रणा आहे, शटरचा वेग आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडणारं भोक, हाताने ठरवता येतं, आणि तिन्ही दोन पेन्सिल सेलवर चालतात. हे सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात, त्यामुळे कॅमेरा पंधरा-वीस वर्षांचा झाला तरी बॅटरीअभावी बंद पडत नाही. उजव्या हाताची पकड सेलमुळे थोडी फुगीर आहे, आणि मला ती आवडते, घामेजल्या हातातून कॅमेरा सटकत नाही. ए६१०, ए६२०, ए६५० आयएस यांची स्क्रीन वळते, पण त्यांना चार सेल लागतात आणि ते पर्समध्ये जड पडतात. या मालिकेतल्या शेवटच्या काही खिडकीवाल्या कॅमेऱ्यांत २००९ चा ए११०० आयएस येतो. त्यात हाताने ठरवायच्या गोष्टी कमी, पण तो हलका आहे.

नंबर मोठा म्हणजे खिडकी असेलच असं धरू नका. ए४७० आणि ए२००० आयएसला ती नाही.

याहून चपटा हवा असेल तर कॅननचेच डिजिटल इक्सस. इक्सस ७०, इक्सस ८० आयएस, इक्सस ९५ आयएस, इक्सस १०० आयएस. हे खरोखर शर्टाच्या खिशात जातात. पण खिडकी एवढीशी असते की चष्मा घालून बघणाऱ्याला तिच्या कडा दिसतच नाहीत. इथेही सावध राहा, इक्सस ९० आयएसला खिडकी नाही. सोनीच्या सायबरशॉट डब्ल्यू मालिकेत २००८ पर्यंतच्या बऱ्याच मॉडेलांना ती आहे: डब्ल्यू५५, डब्ल्यू८०, डब्ल्यू१२०, डब्ल्यू१७०, डब्ल्यू३००. कॅमेरे छान आहेत, पण त्यांना मेमरी स्टिक ड्युओ, म्हणजे सोनीचंच वेगळं कार्ड, लागते, त्यामुळे कार्डासकट मिळाला तरच घ्या.

लांबचा चष्मा असणाऱ्यांनी आणि जरा गंभीरपणे फोटो काढणाऱ्यांनी कॅनन जी मालिका बघावी. जी९, जी१०, जी११, जी१२, जी१५ आणि २०१३ चा जी१६. या सगळ्यांच्या खिडकीला डायॉप्टर आहे. जी१६ नंतर या मालिकेतून ऑप्टिकल खिडकी गेली. निकॉनचे कूलपिक्स पी७००० आणि पी७१०० त्याच धाटणीचे. फुजीच्या एक्स१० आणि एक्स२० ची खिडकी या सगळ्यांत मोठी आणि उजळ. झूम न करता बघितलं तर लेन्सची नळी कोपऱ्यात डोकावते, त्याची सवय होते. हे सगळे जॅकेटच्या खिशातले किंवा पर्समधले कॅमेरे आहेत, पँटच्या खिशात कोंबायचे नाहीत.

कुठे शोधायचं

पहिल्यांदा घरात. २००५ ते २०१० मध्ये घरोघरी लग्न, बारसं, सहल यासाठी एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला गेला होता. मोबाइल चांगले झाले आणि तो कपाटात गेला. आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ए५७० चा फोटो टाका आणि विचारा, «असा कुणाकडे पडून आहे का?» माझा कॅमेरा नणंदेच्या कपाटातून निघाला, पैठण्यांच्या खाली, मूळ पाऊचमध्ये, मॅन्युअलसकट. घरचा कॅमेरा मिळाला की त्याचा इतिहासही कळतो: पडला होता का, गोव्याच्या वाळूत गेला होता का, किती वर्षं बंद आहे. परक्याकडून ही माहिती मिळत नाही.

घरात नाही मिळाला तर बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार. तिथल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांतल्या मोबाइलवाल्यांकडे सहसा काही नसतं, पण कॅमेरा दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारा. दुरुस्तीला देऊन न्यायला न आलेले कॅमेरे त्यांच्या ड्रॉवरमध्ये असतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्या जुन्या स्टुडिओवाल्यांनाही विचारावं. सदर, धरमपेठ, महाल, सगळीकडे असे स्टुडिओ आहेत, आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसलेले असतील तर ते आनंदाने बोलतात.

ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघताना फोटो नीट वाचायला शिका. विकणारा बहुधा मॉडेल चुकीचं लिहितो किंवा नुसतं «डिजिटल कॅमेरा चालू कंडिशन» एवढंच लिहितो. समोरच्या फोटोवरून फसायला होतं, कारण फ्लॅश आणि फोकसचा दिवाही काचेच्या खिडकीसारखेच दिसतात. म्हणून मागच्या बाजूचा फोटो मागवा. स्क्रीनच्या वर छोटं आयताकृती भोक आणि त्याच्या शेजारी दोन बारीक दिवे दिसले की समजा, हाच तो. दिवे विसरू नका, त्यांचं काम पुढे आहे. शक्यतो नागपुरातल्या नागपुरात, हातात घेऊन बघता येईल असाच घ्या. हल्ली तरुण मुलामुलींना जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड लागलं आहे, त्यामुळे भाव चढे सांगतात. दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

हातात घेतल्यावर

जाताना सोबत चार्ज केलेले दोन सेल, एक छोटं कार्ड आणि चष्मा पुसायचं कापड न्या. दुकानदाराच्या सेलवर विसंबलं की कॅमेरा बंद पडतो आणि दोष कुणाचा ते कळत नाही.

आधी सेल न घालता खिडकीतून आभाळाकडे बघा. बाहेरची काच मळकट असेल तर कापडाने पुसली जाते, त्याची काळजी नाही. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती काढायला कॅमेरा उघडावा लागतो, आणि एवढ्या छोट्या कॅमेऱ्याच्या बाबतीत ते परवडत नाही. धुळीचे दोन-चार कण चालतात, ते फोटोत येत नाहीत.

मग सेल घाला आणि खिडकीला डोळा लावून झूम पूर्ण पुढे, पूर्ण मागे करा. आतलं दृश्य लेन्सबरोबर सरकलं पाहिजे, अडखळता कामा नये. कधी लेन्स पुढे जाते आणि खिडकीतलं चित्र जागेवरच राहतं, म्हणजे आतला गिअर सुटलेला आहे. दुकानदार म्हणेल, «ताई, फोटो तर येऊन राहिले ना!» येतील, पण तुम्ही ज्यासाठी आलात तीच गोष्ट मोडलेली आहे. कॅमेरा परत द्या.

यानंतरची परीक्षा कुणी घेत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुकानाबाहेर या. पन्नास-साठ पावलांवरचा एखादा विजेचा खांब निवडा. तो खिडकीच्या बरोबर मधोमध धरून एक फोटो झूम न करता, एक पूर्ण झूम करून काढा. मग सावलीत जाऊन स्क्रीनवर बघा. खांब फोटोच्या मध्याजवळ असला पाहिजे. थोडा इकडेतिकडे चालेल, पण पूर्ण झूमला तो कडेपर्यंत गेला असेल तर कॅमेरा कधीतरी आपटलेला आहे आणि खिडकी तिरकी झाली आहे. त्याच फोटोत खांबाच्या टोकाच्या तारा मोठ्या करून बघा, फोकसचीही परीक्षा होऊन जाते.

बाकीचं पटकन. चालू-बंद दोन-चारदा करा, लेन्स कुरकुरली किंवा स्क्रीनवर ई१८, म्हणजे लेन्स अडकल्याची खूण, आली तर नको. सेलच्या झाकणाची कडी बघा, ए मालिकेत ती तुटलेली असते आणि लोक रबर लावून कॅमेरा विकतात. सेलच्या खोबणीत हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड असेल तर सेल फुटून गळालेले आहेत. प्रत्येक वेळी तारीख विचारत असेल तर घाबरू नका, आतला बटण सेल संपला असेल, तो बदलता येतो.

एक खास सूचना. साधारण २००२ ते २००४ मध्ये बनलेल्या, वेगवेगळ्या ब्रँडच्या अनेक कॅमेऱ्यांत बसवलेल्या सीसीडी सेन्सरमध्ये, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपमध्ये, दोष निघाला होता. उष्णता आणि दमटपणाने आतले जोड सुटायचे, आणि फोटो जांभळे, रेघारेघांचे किंवा पूर्ण काळे यायचे. २००५ मध्ये कंपन्यांनी तो मान्य करून दुरुस्त्या करून दिल्या. आता ती सोय कोण देणार? आपल्याकडचा मे आणि त्यामागून येणारा जुलै पाहता, त्या वर्षांतले कॅनन ए६०, ए७०, ए७५ वगैरे फुकट मिळाले तरच घ्या. २००६ नंतरचे बघा.

सेल आणि कार्ड

साधे अल्कलाइन सेल या कॅमेऱ्यांत लवकर दम टाकतात. २००० एमएएचच्या आसपासचे चांगले रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, चार, म्हणजे दोन कॅमेऱ्यात आणि दोन पर्समध्ये. इक्सस आणि जी मालिकेला लिथियम बॅटरी लागते. जुनी फुगलेली दिसली तर ती लावून बघूसुद्धा नका, नवी घ्या. इक्सस ७० आणि ८० ला एनबी-४एल, जी१० ते जी१२ ला एनबी-७एल, जी१५ आणि जी१६ ला एनबी-१०एल.

कार्ड मोठं घ्यायचा मोह टाळा. २००५ च्या आसपासच्या कॅमेऱ्यांना २ जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्डच चालतं. ए५७० आणि त्यानंतरच्यांना एसडीएचसी, म्हणजे २ जीबीहून मोठं कार्ड, चालतं, ४ किंवा ८ जीबी पुष्कळ झालं. ६४ जीबीचं कार्ड घातलं आणि कॅमेऱ्याने एरर दाखवली तर कॅमेरा बिघडलेला नाही, कार्ड त्याला समजत नाही.

वापरताना

डिस्प्लेचं बटण दाबत जा, स्क्रीन बंद होते. लगेच जाणवेल की सेल दुप्पट टिकताहेत आणि आपण जास्त बघतोय. मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करा, कारण तो खिडकीत दिसतच नाही. फोकसची चौकट मधोमध पक्की करून ठेवा, नाहीतर कॅमेरा चेहऱ्याऐवजी मागच्या भिंतीवर फोकस करेल आणि खिडकीतून ते कळणार नाही.

आता ते दोन दिवे, कॅननच्या कॅमेऱ्यांतले. बटण अर्धं दाबलं की खिडकीशेजारचा हिरवा दिवा स्थिर लागतो, म्हणजे फोकस झाला. पिवळा लुकलुकला तर जमला नाही, थोडं मागे सरका. केशरी लुकलुकला तर उजेड कमी आहे, हात टेकवा. डोळा खिडकीला असताना हे दिवे कडेने दिसतात, म्हणून स्क्रीनची गरज पडत नाही.

या पद्धतीची ताकद मला मारबतीच्या दिवशी कळते, म्हणजे वाईट गोष्टी गावाबाहेर घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी. तान्ह्या पोळ्याला इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यांचे हात मोबाइलसकट वर. मी कोपरं छातीशी घट्ट धरून, कॅमेरा कपाळाला टेकवून उभी असते. धक्के बसतात पण कॅमेरा हलत नाही, कारण तो माझ्या डोक्याला टेकलेला असतो. उजवा डोळा खिडकीत, डावा उघडा. डाव्या डोळ्याला बडग्या, म्हणजे मिरवणुकीतला पुरुषाचा पुतळा, येताना आधीच दिसतो. «घेऊन जा गे मारबत» ची आरोळी उठते, मारबतीचा तो अक्राळविक्राळ चेहरा हेलकावत चौकटीत येतो आणि बरोबर त्याच क्षणी बटण दाबता येतं. हात वर करून स्क्रीनवर अंदाज घेणाऱ्याला हा क्षण मिळत नाही.

उन्हाळा आणि पावसाळा

मे महिन्यात कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. पंचेचाळीस डिग्रीच्या दुपारी डिकीत हात घालवत नाही, तिथे लिथियम बॅटरी आणि रबरी पकडीचा गोंद दोन्ही खराब होतात. पर्समध्ये सुती रुमालात गुंडाळून ठेवा, पाण्याच्या थंड बाटलीला चिकटून नाही, बाटलीचा ओलावा आत जातो.

कूलरची खोली कॅमेऱ्याला सगळ्यात वाईट. नागपुरात घरोघरी एप्रिल ते जून खस ओली असते आणि हवेतला दमटपणा थेट लेन्समागे बुरशी धरवतो. म्हणून पावसाळ्यासाठी नव्हे, तर कूलर सुरू करायच्या आधीच मी कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या, निळ्या गुलाबी झाल्या की कढईत मंद आचेवर परतून घेता येतात, फक्त ती कढई स्वयंपाकाला वापरू नका. महिनाभर कॅमेरा वापरायचा नसेल तर सेल काढून वेगळे ठेवा, आणि मधूनच एखाद्या सकाळी डब्यातून काढून दहा-बारा फोटो काढा. लेन्स पुढेमागे झाली पाहिजे, नाहीतर गिअरमधलं वंगण घट्ट होतं.